कागजीपुरा : सगळ्यांसाठी कागद, स्वतःची नोंद मात्र नाही

औरंगाबादहून वेरूळला जाणाऱ्या रस्त्याने आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतात. कधी शाळेची सहल असते, कधी खुलताबादचा उरूस असतो, कधी पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना लेणी दाखवायची असतात. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, खुलताबाद यायचे असते, आणि या दोहोंच्या मध्ये एक छोटे गाव लागते. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. गावाचे नाव कागजीपुरा. मी लहानपणापासून कितीतरी वेळा त्या गावावरून गेलो. तिथे उतरलो मात्र तिशी ओलांडल्यावर.

उतरण्याचे कारण साधेच होते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने विचारले, "तुमचं मूळ गाव कुठलं?" मी औरंगाबाद म्हणालो. "हो, पण त्याच्या आधी?" मी पणजोबांचे गाव सांगितले, खुलताबाद तालुक्यातले. "नाही, म्हणजे त्याच्याही आधी?" त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला माहीत आहे. पण टेबलावर आम्ही पाच जण होतो आणि तिसरा प्रश्न फक्त मला विचारला गेला. मी हसून वेळ मारून नेली. रात्री झोप येईना, कारण त्याच्या प्रश्नापेक्षा माझ्याकडे उत्तर नसणे मला जास्त टोचत होते. तीस-पस्तीस वर्षे ज्या मातीत गेली, तिचा इतिहास मला दोन ओळींतही सांगता येत नव्हता.

म्हणून या वेळचे संपादकीय एका छोट्या गावाबद्दल आहे. असे गाव किंवा अशी वस्ती तुमच्या शहराजवळही असेलच.

कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद नाव देऊन आपली दुसरी राजधानी केली. दिल्लीहून अमीर-उमराव आले, सूफी आले, कारागीर आले. त्यांच्यात कागद करणारेही होते. राजधानीचा बेत फसला, सुलतान परत गेला, पण कागदवाले किल्ल्याच्या शेजारी राहून गेले. ही लोककथा आहे आणि ती लोककथा म्हणूनच घ्यावी. पण तिच्या आजूबाजूचा इतिहास पक्का आहे. त्याच काळात दिल्लीहून आलेले चिश्ती संत बुरहानुद्दीन गरीब खुलताबादला स्थायिक झाले आणि १३३७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे शिष्य रुकनुद्दीन काशानी यांनी त्यांची वचने 'नफाइसुल अन्फास' या फारसी ग्रंथात उतरवून ठेवली. 'फवाइदुल फुआद' लिहिणारे अमीर हसन सिज्जी यांची कबरही खुलताबादलाच आहे. म्हणजे चौदाव्या शतकात हा डोंगराळ टापू लिहिणाऱ्या माणसांचा टापू झाला होता. लिहिणारे आले की कागद लागतो.

नंतरची शतके आपल्याला शाळेत राजांच्या नावांनी शिकवली. बहमनी आले, निजामशाही आली. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. मोगल आले, आसफजाही आली. प्रत्येक राज्याला फर्मान काढायचे होते, जमाखर्च ठेवायचा होता, जमिनीची मोजणी लिहायची होती. मराठ्यांच्या कारभारातही 'दौलताबादी कागद' हे नाव रुळलेले होते. जुन्नरचा 'जुन्नरी' आणि इकडचा 'दौलताबादी' या दोन्ही कागदांना पेशवाईत मागणी होती. पुण्यातही कसब्यात कागद करणाऱ्यांची वस्ती होती, तिचे नाव कागदीपुरा आजही टिकून आहे. पेशवे दप्तरातले रुमाल सोडून संशोधक जे पिवळसर, चिवट, घोटीव कागद वाचतात, त्या कागदामागे या मुसलमान कारागिरांची मेहनत आहे. लिपी मोडी, भाषा मराठी, राज्य मराठ्यांचे आणि कागद कागझींचा. यात कुणालाही कधी काही विचित्र वाटले नव्हते.

आपल्या भाषेतही त्याची खूण राहिली आहे. कागद, शाई, दौत, दप्तर हे चारही शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले, की सकाळी पोराच्या पाठीवर दप्तर चढवताना कुणाला त्यांचे मूळ विचारावेसे वाटत नाही. शब्दांना जे मिळाले ते माणसांनाही मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.

हा कागद कसा व्हायचा तेही पाहू, कारण गावाचा खरा इतिहास कामात असतो. कच्चा माल म्हणजे चिंध्या, जुने दोर, सुतळी, अंबाडी-ताग आणि वापरून झालेला कागद. शेतकऱ्याच्या विहिरीवर झिजलेला दोर आणि विरलेली धोतरे-लुगडी यांचाच कागद होई. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवायचा, पायाने चालवायच्या जड मुसळाखाली कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. मग लगदा हौदात कालवायचा. हौदाच्या काठाशी बसलेला कारागीर बारीक काड्यांची चटई चौकटीवर ताणून लगद्यात बुडवतो, हलकेच हलवतो आणि उचलतो. पाणी गळून जाते, चटईवर एक पातळ थर उरतो. तो म्हणजे कागद. थप्पी दाबून पाणी काढायचे, एकेक कागद गुळगुळीत भिंतीवर डकवून वाळवायचा. त्यावर खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही. मोडीसारखी न थांबता पळणारी लिपी अशा घोटीव कागदावरच शोभते.

यात घराचे सगळे हात लागत. हौदावर पुरुष बसे, पण वाळवणे, खळ लावणे, घोटणे या कामांत बायका-मुले असतच. हे ध्यानात ठेवा. पुढे जनगणनेबद्दल बोलताना त्याची गरज पडणार आहे.

मग हा धंदा बसला कसा? एकोणिसाव्या शतकात विलायती कागद आला. तुरुंगांमध्ये कैद्यांकडून हातकागद करवून घेतला जाऊ लागला आणि तो सरकारी कचेऱ्यांना स्वस्तात पुरवला गेला. पुण्यात १८८५ मध्ये डेक्कन पेपर मिल उभी राहिली. कागजीपुरा निजामाच्या हद्दीत होता, पण बाजार हद्द मानत नाही. शेवटी निजाम राज्यातही सिरपूरला कागद गिरणी काढली गेली आणि १९४०च्या दशकात तिचा कागद बाजारात आला. गिरणीतून रिळाने कागद निघू लागल्यावर एकेक ताव उचलणाऱ्याला कोण विचारणार?

इथे एक तुलना करायला हवी. जयपूरजवळचे सांगानेर हेही कागझींचेच गाव. तिथला धंदाही गिरणीच्या कागदाने मोडकळीला आला होता. पण गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने हातकागदाला हात दिला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योग यंत्रणेचे पाठबळ मिळाले आणि १९९४ मध्ये सांगानेरलाच कुमारप्पांच्या नावाने हातकागदाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज सांगानेरचा कागद परदेशी जातो. आमच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचे थोडके काम टिकून आहे. वेरूळला जाता जाता कुणी थांबते, पाकिटे किंवा वही विकत घेते. दोन्ही गावांचे हात सारखेच कुशल होते. एकाला संस्था, प्रशिक्षण आणि बाजार मिळाला, दुसऱ्याला पर्यटनाच्या नकाशावरचा एक ठिपका मिळाला. 'आपले लोक मागे का राहिले' या प्रश्नाचे उत्तर दरवेळी रक्तात किंवा धर्मात शोधणाऱ्यांनी ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत.

धंदा गेला की माणसे कुठे जातात? शेजारच्या शहरात. औरंगाबाद शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती पावणेबारा लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी आजूबाजूच्या तालुक्यांतले हात ओढून घेतले. ज्यांचे आजोबा ताव उचलत, त्यांचे नातू वेल्डिंग करतात, रिक्षा चालवतात, मोबाइल दुरुस्त करतात, आणि काही जण माझ्यासारखे कीबोर्डवर बसतात.

आता गावाच्या लोकसंख्येकडे येऊ. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी पहिली सवय म्हणजे डेटा उघडून बघणे. जनगणनेचा गावनिहाय तक्ता कुणालाही मोफत मिळतो. त्यात घरे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांखालची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे असे कॉलम असतात. कामाचे चार भाग : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. ज्या गावाचे नावच उद्योगावरून पडले, त्याचा उद्योग या तक्त्यात 'घरगुती उद्योग' या एका आकड्यात विरघळून जातो. कागद की विणकाम की विडी, काही कळत नाही. आणि घरात कागद घोटणाऱ्या बाईने गणना करणाऱ्याला 'घरकाम' असे सांगितले, तर ती त्या आकड्यातही येत नाही.

आणखी एक गोष्ट या तक्त्यात नसते, ती म्हणजे धर्म. धर्माची आकडेवारी राज्य, जिल्हा, तालुका आणि शहर या पातळीवर प्रसिद्ध होते, गावाच्या पातळीवर होत नाही. त्यामुळे 'अमुक गावात पन्नास वर्षांपूर्वी इतके टक्के होते, आता इतके झाले' असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर पहिला प्रश्न विचारा : हा आकडा कुठल्या तक्त्यातला? बहुधा उत्तर येणार नाही. खरे आकडे हवे असतील तर तेही आहेत. २०११ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती आणि तीत मुस्लिम २१ टक्क्यांच्या थोडे वर होते. देशात १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत, २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २.४ वर आला. हिंदू स्त्रियांमध्ये याच काळात तो ३.३ वरून १.९ वर आला. दोन्हीकडे उतार आहे आणि आपल्याकडचा उतार जास्त तीव्र आहे. शिक्षण आणि आरोग्यसेवा पोहोचली की घर लहान होते, मग ते कुठल्याही मोहल्ल्यातले असो.

पण मला आज आकड्यांपेक्षा कागदांबद्दल बोलायचे आहे.

२०१९च्या डिसेंबरपासूनचे ते महिने आठवा. नागरिकत्वाच्या चर्चेने आपल्या घराघरांत पेट्या उघडल्या गेल्या. माझ्या दादीने तिची पत्र्याची पेटी पलंगाखालून काढली. त्यात रेशनकार्डे होती, अब्बांचा शाळेचा दाखला होता, एक निकाहनामा होता आणि उर्दूतला एक फाटका कागद होता, जो घरात कुणालाच नीट वाचता येत नव्हता. दादी म्हणाली, "कागदां संभालके रखो बाबा, अब कागदांच पूछते." ज्या मुलखाने शेकडो वर्षे सगळ्या दख्खनला कागद पुरवला, त्या मुलखातली एक म्हातारी बाई पेटीतले चार कागद पुन्हा पुन्हा मोजत होती. त्या रात्री मला कागजीपुऱ्याची पाटी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आठवली.

कागदाचा प्रश्न फक्त नागरिकत्वाचा नाही. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते आणि नातवाची इंजिनियरिंगची फी सवलत तिथेच अडते. तो धंदा त्यांच्या घरात सात पिढ्या होता हे सगळ्या गावाला माहीत असते, फक्त कागदाला माहीत नसते.

याच मराठवाड्यात २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, ती निजामकालीन नोंदींमध्ये कुणबी उल्लेख शोधण्यासाठी. जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज अचानक सगळ्यांना कळली. आरक्षणाच्या त्या वादात इथे शिरायचे कारण नाही. आपण त्यातून एक गोष्ट घ्यावी : शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नीट लिहून ठेवलेली एक ओळ आज एका घराचे नशीब बदलू शकते. आणि त्या ओळी वाचण्याची चावी, म्हणजे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा, आपल्यापैकी अनेकांच्या हातात जन्मतःच आहे. मोडी शिकायला काही आठवडे पुरतात.

२०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि खुलताबादचे नाव रोज टीव्हीवर येऊ लागले. त्या सगळ्या आरडाओरड्यात त्या तालुक्यात राहणाऱ्या माणसांबद्दल, त्यांच्या शेतीबद्दल, शाळांबद्दल, हातातल्या कसबाबद्दल एक वाक्य ऐकल्याचे मला आठवत नाही. एक बादशाह आणि त्याची कबर, एवढ्यात सगळा मुलूख संपवून टाकला गेला. यात दोष फक्त टीव्हीवाल्यांचा नाही. आपण तरी बादशाहांपलीकडचे काय सांगितले आहे? मैफलीत आपण ताजमहाल आणि लाल किल्ला सांगतो. ताव उचलणाऱ्या, चिंध्या कुटणाऱ्या, कागद घोटणाऱ्या माणसांचा इतिहास आपल्यालाच कमी प्रतीचा वाटत आला. खरे तर बहुसंख्य मराठी मुसलमानांचे पूर्वज तख्तावर बसलेले नव्हते, ते मागावर, हौदावर, शेतावर होते.

आता पुढचे. देशाची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती कोविडमुळे लांबली. तिचा नवा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा जाहीर झाला आहे. पहिल्यांदा ती डिजिटल पद्धतीने होणार आहे, माहिती स्वतः भरण्याची सोय असणार आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे. योगायोग पाहा. तुघलकाच्या दौलताबादला २०२७ मध्येच सातशे वर्षे होतात.

म्हणून आमचे आवाहन तीन साध्या गोष्टींचे आहे.

पहिली : गणना करणारा दारात येईल तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने समोर बसावे. मातृभाषा, काम, बिरादरी यांची उत्तरे घाईत देऊ नयेत. घरात बसून शिवण, विडी, जरी, पॅकिंग करणाऱ्या अम्मी, खाला, भाभी यांचे काम 'काम' म्हणूनच सांगावे. स्वतः माहिती भरायची असेल तर मोहल्ल्यातल्या ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांच्या मदतीला दोन संध्याकाळी द्याव्यात. आपण सगळे आयटीवाले दिवसभर परक्या लोकांचे फॉर्म भरण्याची सोय करतो, एकदा आपल्या गल्लीचे करू.

दुसरी : आपल्या घराचे कागद शोधा. शाळेतून आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. तहसीलमध्ये जुने खासरा पत्रक, पहाणी पत्रक, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद मागा. इनामाची जमीन असेल तर मुंतखब कुठे आहे ते पाहा. जे मिळेल ते स्कॅन करा आणि त्याची एक प्रत घराबाहेर ठेवा. उर्दूतला कागद वाचता येत नसेल तर मशिदीतल्या किंवा शाळेतल्या जाणत्या माणसाकडे न्या. माझ्या दादीच्या पेटीतला तो फाटका कागद आम्ही असाच वाचून घेतला. ती पणजोबांच्या घराच्या खरेदीची नोंद निघाली. त्यात शेजाऱ्यांच्या सीमा लिहिल्या होत्या : पूर्वेला एक पाटील, दक्षिणेला एक तेली. सहकाऱ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच होते.

तिसरी : गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि ते रेकॉर्ड करा. तुमच्या शहराजवळचा कागजीपुरा शोधा. कुठे तो मोमीनपुरा असेल, कुठे बागवान गल्ली, कुठे कासारवाडा. धंदा काय होता, माल कुठून यायचा, कुठे विकला जायचा, हत्यारांची नावे काय होती, धंदा कधी आणि का बंद पडला, एवढे पाच प्रश्न पुरेत. हत्यारांची नावे आवर्जून विचारा. ती शब्दकोशात सापडत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर जातात. तुम्ही पाठवलेल्या नोंदी आम्ही मराठी आणि उर्दूत छापू.

त्या सहकाऱ्याला मी पुढच्या रमजानमध्ये घरी इफ्तारला बोलावले. जेवण झाल्यावर कागजीपुऱ्याहून आणलेला एक ताव त्याच्या हातात दिला आणि गावाची हकिगत सांगितली. त्याने कागद उजेडासमोर धरला, चटईच्या काड्यांच्या रेषा पाहिल्या आणि म्हणाला, "आमच्या घरी पणजोबांच्या वेळची मोडी कागदपत्रं आहेत, ती अशाच कागदावर आहेत." पुढच्या सुट्टीत आम्ही दोघे ती वाचायला बसणार आहोत. त्याने मोडीच्या वर्गाला नाव घातले आहे, मी उर्दू सुधारतो आहे.